तुळजाच्या नावचा एडका

शुक्रवारी सकाळी तुळजाने देवाचा एडका ओढ्यात उभा केला आणि कपड्याच्या साबणाने धुतला. तिला वाटलं होतं, तो धडपडेल, ढुशी देईल, मग देवाचीच इच्छा नाही असं म्हणून सोडून देता येईल. पण त्याने डोळे मिटून मान पुढे केली. आजवर त्याच्या अंगाला ज्याने हात लावला तो पाया पडायलाच. ही आणखी एक भक्तीण, असं त्याला वाटलं असावं. तुळजाने त्याच्या डोळ्यांकडे न बघता साबण आणखी जोरात घासला.

भंडारा धुऊन जाईना. इतक्या वर्षांची हळद लोकरीत मुरलेली. शेवटी तिने बापाची कातर घेऊन मानेवरची आणि डोक्यावरची लोकरच उतरवली, गळ्यातली घंटी सोडून ओढ्यात भिरकावली आणि हद्दीपलीकडच्या बाजाराची वाट धरली. एडका मागून आला. दाव्याची गरजसुद्धा पडली नाही.

हे जनावर गावात ‘मालक’ म्हणून ओळखलं जायचं. बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या अलीकडे, महाराष्ट्राची हद्द जिथून हाकेवर आहे तिथलं हे गाव. तुळजा सातवीत असताना तिला असा ताप चढला की उतरेचना. हुलसूरचे डॉक्टर म्हणाले बिदरला न्या, बिदरचे म्हणाले उशीर केलात. तेव्हा तिच्या आईने, शकुबाईने, दवाखान्याच्या पायरीवर बसून बिरोबापुढे पदर पसरला: पोरगी उठू दे, तुला एडका देते. पोरगी उठली. त्या साली झालेल्या कोकरांतलं सगळ्यात उजवं कोकरू देवाच्या नावाने सोडलं. जत्रेत ते कापायचं, भावकीला जेवू घालायचं, की नवस फिटला.

पण भावकी जेवायला बसली की पहिली पंगत उठायच्या आत दुसरीचं कालवण संपतं. दर जत्रेला शकुबाई काही ना काही कारण काढायची. औंदा पाऊस न्हाई. औंदा चुलतसासऱ्याचं सुतक. औंदा एडक्याचा पाय लंगडायलाय, लंगडं जनावर देवाला कसं द्यावं? जत्रा होऊन जायची आणि लंगडणारा एडका दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी तुरीत तंगड्या ताठ करून उभा दिसायचा. देवाचं जनावर, हटकणार कोण? ज्याच्या पिकात शिरेल त्याने हात जोडायचे, ज्याच्या दारात येईल त्याने भाकरी द्यायची. गावात न विचारता कुणाच्याही दारात जाणारे दोघेच, निवडणुकीतले उमेदवार आणि मालक. त्यातले उमेदवार पाच वर्षांतून एकदा यायचे.

आता तुळजा पीयूसी, म्हणजे बारावी, होऊन बसली होती आणि तिला बिदरच्या एका कॉलेजात नर्सिंगची सीट लागली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत वीस हजार भरले तर सीट तिची, नाही भरले तर तिच्या मागच्या नंबराची. तिचा बाप इरप्पा, ती दहावीत असल्यापासून एकच वाक्य म्हणत आला होता, “तू शिक, सोय हाय.” ती सोय म्हणजे कोण, हे गुरुवारी कळलं. सोय म्हणजे आळंदला तुरीच्या अडतीवर मुनीम असलेला तिचा मामा महेशकुमार. इरप्पा गुरुवारीच आळंदला गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला.

“मामा म्हणायलाय, सोमवारी बघू.”

“अप्पा, सोमवारी काय बघायचंय? शनिवारीच संपतंय की.”

“सांगितलं मी. म्हणतो, कॉलेजवाले एवढे कडक नसतेत.”

मामा कॉलेजात कधी गेला नव्हता, त्यामुळे त्याला कॉलेजवाल्यांचा भरवसा होता. तुळजाला नव्हता. फोन ठेवल्यावर तिने घरात नजर फिरवली. कळप तर इरप्पाने केव्हाच मोडला होता, आता सगळं घर मजुरीवर. शकुबाईच्या कानात पितळ होतं. विकण्याजोगी एकच वस्तू घराकडे होती आणि ती अंगणात बसून रवंथ करत होती.

रात्रभर तिने स्वतःशी वाद घातला. एडका माझ्या नावचा. माझ्या जिवाच्या बदल्यात सोडलेला. मग तो माझ्याच कामी आला तर बिघडलं कुठं? वकील तीच आणि न्यायाधीशही तीच, त्यामुळे निकाल तिच्या बाजूने लागला. पण त्याच निकालाचा दुसरा अर्थ तिला ओढ्यावर सुचला. एडका तिच्या जिवाच्या बदल्यातला असेल, तर एडका गेल्यावर देव बदल्यात काय मागणार? तोवर लोकर कापून झाली होती.

बाजारात एका मेंढपाळाने एडक्याचं तोंड उघडून दात पाहिले, पाठीवर पंजा दाबून पाहिला. हद्दीपलीकडच्या वाडीचा, व्यंकट नावाचा. त्याला कापायला नको होता, मेंढ्यांत सोडायला हवा होता.

“घरचा हाय?”

“व्हय.”

“मग असलं सोनं कामून इकायलीस?”

“कॉलेजची फी भरायची हाय.” दिवसभरात तिच्या तोंडून निघालेलं हे एवढंच खरं.

“शिक, बाई, शिक,” म्हणत व्यंकटने बावीस हजार मोबाइलवरून तिच्या खात्यात टाकले. गळ्यात दावं घालून तो त्याला घेऊन निघाला तेव्हा एडक्याने एकदा वळून पाहिलं. हाक नाही, ओरडणं नाही. नुसतं पाहिलं. शनिवारी हुलसूरच्या ऑनलाइन सेंटरवर पैसे भरताना तुळजाने आकडा इतक्यांदा तपासला की सेंटरवाल्या पोराने विचारलं, “अक्का, पैलांदाच भरायलीस का?”

रविवारी इरप्पा परतला. चपला न काढताच उंबऱ्यावर बसला.

“निम्मेच दिले म्हेवण्यानं. दहा. तूर इकल्यावर उरलेले देतो म्हणतो.” त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तारीख तर काल गेली. तुझं वाटुळं केलं मी, पोरी.”

बापाला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि आता पाहायची तिची तयारी नव्हती. ती भडाभडा बोलून गेली, “अप्पा, सीट गेली न्हाई. औंदा भरायचंच न्हाई काही. सवलत मिळाली.”

“कसली सवलत?”

“सरकारी.”

सरकारी म्हटलं की इरप्पा पुढे विचारत नसे. सरकारचं काय कधी कुणाला कळलंय? तो टोपी डोक्यावर घालून ताडकन उठला.

“सरकार कसलं, बिरोबानं केलं हे! शकू, आता तुझं एक कारण ऐकायचं न्हाई. येत्या अमुशाला नवस फेडायचा. म्हेवण्याचे पैसे हायतच, भावकीला जेवण घालू. पोरगी बिदरला जायच्या आत देवाचं देवाला देऊन टाकू. मालकाला आणून बांध.”

खोटं बोलल्याची किंमत इतक्या लगेच वसूल होते हे तुळजाला ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. शकुबाईच्याही हातातलं भांडं तसंच राहिलं, पण आपल्याच भीतीत बुडालेल्या पोरीला ते दिसलं नाही.

मालक सापडेना. दोन दिवस गावाला वाटलं, असेल कुणाच्या तरी मळ्यात. तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं की लांडग्याने नेला, मग चोराने नेला. एका म्हातारीने तो चालत मैलारच्या देवळाकडे जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तिला मोतीबिंदू होता. देवळाचा पुजारी अमृतप्पा मात्र पायरीवर बसून शांतपणे सुपारी कातरत म्हणाला, “लांडगा देवाच्या जनावराला शिवत न्हाई. नेलंय ते माणसानं. काळजी करू नको, इरप्पा. नेणारा अमुशाच्या आत वकाऱ्या काढत ह्या पायरीवर येतो का न्हाई बघ.”

तुळजा बापामागे उभी होती. घरी आल्यावर तिला उलटी झाली. दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती आणि आईने बळेच भाकरी-ठेचा खायला लावला होता, हे कारण तिला माहीत होतं. शास्त्र शिकलेली पोरगी ती. तरी तोंड धुताना तिने अंगाला हात लावून पाहिला, ताप आलाय का. मग दर तासाला पाहू लागली. अंग गार लागलं तर वाटायचं, आता चढेल.

“तू शिकलेली हायस,” इरप्पा म्हणाला. “ते फोटू टाक की मोबाइलवर. लोकं गाडी हरवली तर टाकतेत.”

तिने मुद्दाम असा फोटो निवडला ज्यात एडक्याचं निम्मं अंग झाडाआड होतं. इरप्पाने मान हलवली. “ह्यात तर बैल बी खपंल. त्यो टाक, दसऱ्याचा, तू गळ्यात हात टाकून बसलीस त्यो.” मग तिने तो फोटो टाकला. वर स्वतःच्या बोटांनी लिहिलं, देवाचा एडका हरवला आहे. खाली स्वतःचाच नंबर दिला, कारण घरात फोन एवढाच. चोराने स्वतःच्या नावाची दवंडी पिटावी तसं झालं. संध्याकाळपर्यंत तो फोटो भावकीच्या, समाजाच्या, सीमाभागाच्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरून पुन्हा तिच्याकडेच आला. कुणी तरी खाली हात जोडले होते, कुणी तरी लिहिलं होतं, चोराला सोडू नका.

दुसऱ्या दिवशी ती पाणी घेऊन आली तर शकुबाई चुलीपाशी फोन कानाला लावून बसलेली. पलीकडचा आवाज एवढा मोठा की फोन नसता तरी हद्दीपलीकडून ऐकू आला असता.

“अवो बाई, मी फसलो! चुलीपाशी येतो, टोपल्यातली भाकर खातो. काठी हाणली तर पळंना, नुसता माझ्याकडं बघतो. मार ठावंच न्हाई त्याला! असलं जनावर कुणाचं असतं? आमची म्हातारी पहिल्याच दिशी म्हणली, व्यंकट, हे सोडलेलं हाय. मी म्हणलं, पोरगी तर घरचा म्हणली. आज फोटूत पोरगी बी तीच, एडका बी त्योच. घेऊन जा तुमचा देव आन माझे पैसे द्या. माझ्या डोळ्याला डोळा न्हाई.”

तुळजाने घागर खाली ठेवली. ठेवली की सुटली, तिला कळलं नाही. पाणी सगळीकडे झालं. शकुबाईने फोनवर तळवा दाबला.

“पैसे कुठं हायत?”

“कॉलेजात.”

शकुबाईने डोळे मिटले. मग फोनमध्ये तिने आधी जे विचारलं ते तुळजाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“दादा, एडका जित्ता हाय न्हवं?”

“जित्ता? माझ्यापरीस धडधाकट हाय.”

शकुबाई भिंतीला टेकली. तिचा श्वास सुटलेला तुळजाने ऐकला. आणि पुढच्या क्षणी तिचं तोंड आठवडी बाजारात वांग्याचा भाव पाडताना होतं तसं झालं.

“मग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच.”

“आन पाप?”

“पाप आमच्याकडं, चारा तुमच्याकडं. मेंढ्यांत सोडायलाच घेतला न्हवं? सोडा. कोकरं तुमची. फकस्त कापायचा न्हाई आन इकायचा न्हाई.”

“बाई, देव माझ्यावर कोपला तर?”

“नवस माझा हाय, तुमचा न्हाई. माझं मी बघते. पर त्याला काई झालं तर मग माझा इलाज न्हाई, आदीच सांगते.”

भ्यालेला माणूस स्वतःहून भाव वाढवतो. व्यंकट म्हणाला, “असं करतो. दरसाल एक कोकरू पोरीच्या नावानं काढून ठिवतो. मग तर माझ्याकडं काई ऱ्हात न्हाई?”

“तुमची मर्जी,” शकुबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

“मार मला, माय,” तुळजा म्हणाली. मारलं असतं तर बरं झालं असतं. शकुबाई उठली, पाणी पुसायला लागली आणि पुसता पुसता, वर न बघता बोलायला लागली.

“मी दरसाल कामून पुढं ढकलत व्हते, ठावं हाय? जेवणाच्या खर्चापायी? न्हाई. कर्ज काढून घातलं असतं. देणं बाकी हाय तंवर देव तुज्यावर नजर ठिवतो, असं माज्या मनानं घेतलं. देणेकऱ्याला कोण मरू देतंय? एकदा नवस फिटला, की त्याचा आपला संबंध संपला. मग परत ताप आला तर? म्हणून ठिवला त्याला. दर जत्रंला भ्या वाटायचं, औंदा मागतो का. आन तुझा बा द्यायला निघाला की त्याहून जास्ती भ्या वाटायचं.”

घरात भिणारी आपण एकटीच, असा तुळजाचा हिशोब होता. आई सातवीपासून एकटी भीत आली होती आणि वर लंगडा पाय, सुतक, पाऊस अशी कारणं शोधत बसली होती. हे कळल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. ती दुप्पट झाली. आईलाही असंच वाटत असेल, तर ते खरंच असेल.

“अप्पाला?” तिने विचारलं.

“ते तूच सांगायचं.”

इरप्पा भावकीला आवतण देऊन आला, पाय धुतले, चहा मागितला. तुळजाने चहा पुढे ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, ओढ्यापासून सवलतीपर्यंत. इरप्पाने बशीतला चहा बशीतच ठेवला. माशी येऊन काठावर बसली, ती त्याने हाकलली नाही. तुळजा वाट बघत होती, बापाचा हात कधी उठतो. त्याहून वाईट म्हणजे, “राहू दे कॉलेज” असं कधी म्हणतो.

“किती आले?” तो म्हणाला.

“बावीस हजार.”

“बावीस?” इरप्पा उडालाच. “अगं, त्या एडक्याला तीसच्या खाली कोण देतंय? मेंढ्यांत सोडायला घेतला म्हणतीस, मग तर पस्तीस! दात बघितले न्हाईत का त्यानं?”

“बघितले.”

“बघून बावीस? आन तू दिलास?” तो उठून अंगणात गेला, मोकळ्या जागेकडे बघून परत आला आणि मग एकदम खाली बसला. राग तेवढाच होता, संपला. त्याखाली काय होतं ते आता वर आलं. “म्या दुसऱ्याच्या दारात बसलो व्हतो सोमवारची वाट बघत. म्हणून पोरीनं देव इकला.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “अमृतप्पाला काय सांगू?”

अमृतप्पाला सांगायला जावं लागलं नाही. तोच सकाळी दारात आला. अमावस्या तोंडावर आली होती आणि एडक्याच्या मुंडीवर पुजाऱ्याचा मान असतो.

“लागला का ठाव?”

“लागला,” इरप्पा म्हणाला. “सुखात हाय. पर नवस आत्ता न्हाई. पोरगी शिकून येईस्तोवर थांब म्हणतो देव.”

“कुणाला म्हणला?”

“मला. सपनात.”

“आस्सं?” अमृतप्पाने सुपारी गालात सारली. “मी रोज त्याला आंघोळ घालतो, मला काई बोलला न्हाई. आजकाल परस्पर बोलायलाय म्हणा की देव.” इरप्पाने जमिनीकडे पाहिलं. पुजारी हसला, पण नजर तुळजावर होती. “किती वर्सं शिकणार?”

“चार,” ती म्हणाली.

“चार जत्रा. दर जत्रंला येऊन ह्याच पायरीवर उभी ऱ्हायचं, पोरी. मी बघणार तुज्याकडं. तो बी बघंल.” आणि मुंडीच्या मानाचं काय, हे इरप्पाला बाजूला घेऊन विचारायला तो विसरला नाही. मामाच्या दहा हजारांतले दोन त्या दिवशी कमी झाले. उरलेले आठ हॉस्टेलला गेले.

बिदरमधल्या नौबादच्या हॉस्टेलात तुळजाला खिडकीजवळची खाट मिळाली. मोबाइल तिच्यासोबत आला होता; एडक्याच्या पैशांतल्या उरलेल्या दोन हजारांत घरासाठी दुसरा साधा फोन घेतला होता. वर्गात ती पुढे बसायची. नाडी कशी मोजायची, ताप कसा मोजायचा, तो कुठल्या कुठल्या कारणांनी येतो, हे सगळं तिने पाठ केलं. त्या कारणांच्या यादीत एडका नव्हता. ती यादी पुन्हा पुन्हा वाचायची.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी उठली तर अंग कणकणत होतं. घसा बसलेला. खोलीतल्या दोघींनाही तसंच होतं. हवा बदलली होती. तिने थर्मामीटर लावला, पाहिला, झटकून परत लावला. एकशे एक. तिने घरी फोन केला.

“माय, जरा अंग तापलंय. काई न्हाई, सगळ्या पोरींनाच हाय.”

“थांब,” म्हणून शकुबाईने फोन ठेवला.

काय चाललंय ते तुळजाला माहीत होतं. आई आता व्यंकटला फोन लावणार. गेल्या वेळी तिला नुसती शिंक आली तेव्हाही लावला होता. पण व्यंकट या वेळी मेंढ्या घेऊन माळावर असतो आणि तिथे रेंज नसते. सांज होऊन घरी आल्याशिवाय तो सापडत नाही, अशी आईचीच कायम तक्रार. तुळजा खाटेच्या काठावर बसून राहिली. हाताची बोटं आपोआप मनगटावर गेली आणि नाडी मोजायला लागली. मोजणं पुरं व्हायच्या आत फोन वाजला.

“खायलाय,” शकुबाई म्हणाली. “चांगला खायलाय. आत्ताच बोलले मी. काई झालं न्हाई त्याला. तू गोळी घे आन जा कॉलेजला.”

एवढ्या वेळात नंबर लावूनही होत नाही. तुळजाने फोनकडे पाहिलं, परत कानाला लावला. आईचा श्वास ऐकू येत होता, भरभर, पळून आल्यासारखा.

“बरं,” ती म्हणाली. “घेते गोळी.” मग जरा थांबून, “माय, सांजंला परत एकदा विचारशील का?”

पलीकडे कुणीतरी बादली ओतल्याचा आवाज आला.

“विचारते की,” शकुबाई म्हणाली.

तुळजाने गोळी गिळली, ॲप्रन घातला आणि खोलीतल्या दोघींना हाक मारून जिना उतरली. पहिला तास साडेनऊचा होता.